तीनशे सतरा नंबरचा बिल्ला

जऊळक्यात आमच्या शेजारी हेमसिंगभाऊ राहतात. ऐन तारुण्यात चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत गेले आणि अठ्ठावीस वर्षं जमिनीखाली काढून परत आले. सकाळी ओट्यावर बसून खोकतात. खाणीबद्दल कोणी विचारलंच तर म्हणतात, "अंधार असते बाई. दुसरं काय?"

डिसेंबरात बाजाराच्या दिवशी त्यांनी दोन लाल शर्ट आणले. परदेशी जाणाऱ्या मालातले उरलेले. पाठभर एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा छापलेला, डोक्यावर दिव्याची टोपी, खांद्यावर कुदळ. मी नुकतीच पूजा आटोपली होती. मला वाटलं, कोणी संत महाराज असतील. हात जोडले आणि म्हटलं, "भाऊ, देव असा पाठीवर घेऊन खाटेवर लोळू नका बरं, दोष लागेल."

त्यांची नात रेणू हसता हसता खालीच बसली. "काकू, हा नाताळबाबा हाये! खाणीतल्या कामगारायसाठी गमतीचा शर्ट काढला. तिकडं खोडकर पोरायले हा बाबा खाऊच्या जागी कोयसा देते म्हने."

हेमसिंगभाऊ हसले नाहीत. "खोडी केली त्याले कोयसा? मंग मले बरोबर भेटला." मग म्हणाले, "वैजयंतीबाई, या दुसऱ्या शर्टाच्या खिशावर दोऱ्यानं तीनशे सतरा काढून द्या."

"काहून?"

तेव्हा पहिल्यांदा त्यांनी सांगितलं. खाली उतरताना ज्याचा त्याने पितळी बिल्ला फळीवर अडकवायचा आणि वर आल्यावर काढून घ्यायचा. फळीवर बिल्ला राहिला, म्हणजे माणूस खाली राहिला. तीनशे सतरा त्यांच्या जोडीदाराचा, मदनसिंगचा. "तो मांगून येऊनच राह्यला होता. त्याले रांगेत उभं राहा लागू नये म्हून म्या माह्यासंगं त्याचाही बिल्ला काढला अन् खोलीवर गेलो."

त्याच वेळी खाली खाणीचं छत कोसळलं. फळी रिकामी, म्हणून सगळे वर आलेत असंच सगळ्यांनी धरलं. तीन तासांनी छत कोसळल्याची बातमी भाऊंच्या कानावर आली, तेव्हा ते बिल्ला मुठीत धरून धावले. मदनसिंग जिवंत निघाले, उजवा पाय मात्र गेला. बावीस वर्षं झाली, दोघांत एक शब्द नाही.

मी पांढऱ्या दोऱ्याने आकडे काढले. टाक्याटाक्याला रेणुकामातेचं नाव घेत होते.

"हा शर्ट त्याले द्याले तुमी संगं चाला," भाऊ म्हणाले. "परक्या बाईसमोर तो दार लावनार नाही."

दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी निघालो. कारंज्याला गुरुमंदिरात दर्शन घेतलं आणि तिथून मदनसिंगांच्या गावी, धनजला गेलो. मदनसिंग अंगणात खाटेवर बसले होते, कुबडी भिंतीला टेकलेली. त्यांच्या बायकोने, रुपाबाईंनी, मला पाणी दिलं. हेमसिंगभाऊंना ते देऊ की नको, म्हणून नवऱ्याकडे पाहत तांब्या धरून उभ्या राहिल्या.

भाऊंनी शर्ट खाटेवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकले.

मदनसिंगांनी तो उलटवून चित्र पाहिलं. "हे कोन बुढं? टोपीत दिवा हाये, अन् कमरेची बॅटरी कुठी हाये याची? पह्यल्याच पाळीत मरते हा." मग शर्ट सुलटा केला. अंगठा खिशावरच्या आकड्यांवर थांबला.



"तीन घंटे हाका मारल्या, हेमा," ते मान वर न करता म्हणाले. "दुसरं कोनी नाही, तू त येशीन, असं वाटे."

"येवाले पाह्यजे होतं. नाही आलो."

कारण सांगतील, असं मला वाटलं होतं. पण भाऊंनी रांगेचं काही काढलं नाही, चांगल्यासाठी केलं असंही म्हणाले नाहीत.

मदनसिंगांनी शर्टाची घडी मांडीवर ठेवली. "पानी दे त्याले," बायकोला म्हणाले. मग भाऊंच्या पिशवीकडे बोट केलं. "दुसरा तुह्या हाये का? घाल मंग. पाहू कसं ध्यान दिसते."

भाऊंनी तिथेच अंगणात धोतरावर तो लालभडक शर्ट चढवला. रुपाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"येड्या, बटनं वरखाली लावली," मदनसिंग म्हणाले. "इकडं ये."

भाऊ खाटेपाशी जाऊन वाकले. मदनसिंगांनी सगळी बटणं काढली आणि वरपासून एकेक पुन्हा लावायला घेतलं.