तीन दिवस न लागलेलं दही

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलांना नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा कधी उच्चारलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या घरचे नाही. ऐकाल आणि आपल्या वाटेने जाल.

गोष्ट दह्याची आहे. हसलात? हसा. दह्यावरून कुणाचा संसार मोडेल, असं मलाही आधी कुणी सांगितलं असतं तर मीही हसलेच असते.

रेवदंड्याजवळ आमची नारळी-सुपारीची वाडी. घरात सासूबाई, मामंजी – म्हणजे माझे सासरे – आम्ही दोघं नि आमचे दोन मुलगे, आणि धाकटे दीर भावोजी व त्यांची बायको वेणू. वेणूचं माहेर थळ. येऊन दोन वर्षं झालेली. दिसायला बेताची, पण हात असा की साधी भाकरी टाकली तरी शेवटपर्यंत मऊ. मला तो हात पहिल्या दिवसापासून खुपत होता – आता कबूल करायलाच बसलेय, तर हेही करते.

त्या वर्षी मामंजींचं पोट बिघडलं. बोटीने मुंबईला जाऊन डॉक्टरला दाखवून आले. तळलेलं बंद, तिखट बंद, सकाळचा चहासुद्धा बंद. न्याहारीला ताजं दही आणि फळं खा, म्हणाला डॉक्टर. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. दह्यात फळं कुणी खातं का?

वेणूने मात्र ते मनावर घेतलं. मामंजींनीच मुंबईहून आणलेला काचेचा एक मोठा पेला फडताळात पडून होता, तो तिने काढला. पहाटे दही फडक्यात बांधून टांगायची. पाणी निथळलं की पेल्याच्या तळाशी त्या घट्ट दह्याचा एक थर. त्यावर कोरडे भाजलेले पातळ पोहे – तेही अगदी वाढायच्या वेळी, म्हणजे कुरकुरीत राहतात. मग वेलची केळ्याचे काप, पुन्हा दही, वर हापूसच्या फोडी, आणि शेवटी चिमूटभर ओलं खोबरं नि मधाची धार. काचेतून एकेक थर वेगळा दिसायचा. पहिल्या दिवशी मामंजी पेला हातात धरून नुसते बघत बसले. मग सगळं खाल्लं, चमचा चाटला, आणि म्हणाले, "वेणू, फार छान केलंस हो."

अकरा वर्षं मी त्या माणसाला दोन्ही वेळ वाढत होते. अकरा वर्षांत "मीठ कमी आहे" याखेरीज माझ्या वाट्याला शब्द आला नव्हता. आणि हिला रोज सकाळी – छान, छान. पोटही सुधारलं हो त्यांचं. शेजारपाजारच्या बायका तो पेला बघायला यायला लागल्या.

माझ्या कुशीत दोन मुलगे होते, नवरा वळणाचा होता, किल्ल्या माझ्या कमरेला होत्या. म्हणजे काही नव्हतं म्हणून मी जळले, असं समजून मला सोडून देऊ नका. सगळं होतं. तेवढा एक शब्द नव्हता.

आता नीट ऐका. वेणूला तेव्हा दिवस गेले होते, आणि घरात हे फक्त मला माहीत होतं. आदल्या वर्षी तिचा एक गर्भ गळला होता, म्हणून ती घाबरलेली. तिने मला कोपऱ्यात गाठून सांगितलं, आणि मीच तिला म्हटलं, तिसरा महिना सरेपर्यंत बोलू नकोस, नवऱ्याजवळही नको, दृष्ट लागते. आमच्याकडे तशी रीतच आहे. तेव्हा माझ्या मनात काही वाईट होतं का? नव्हतं. पण पुढे तेच माझ्या कामी आलं.

चैत्रात ती आठ दिवस थळला जाऊन आली होती. सासूबाईंना वाटलं, त्या महिन्यात ती तिकडेच बाहेर बसली. वैशाखात मात्र तिचे दिवस टळून दोन-तीन दिवस झालेले, आणि सासूबाईंचं अशा गोष्टींकडे फार बारीक लक्ष. आमच्यात बाहेरच्या बाईने चार दिवस मागच्या पडवीत बसायचं, चुलीकडे फिरकायचं नाही. तिचा हात लागला की दही लागत नाही, लोणचं नासतं, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकलेल्या.

मला हे माहीत होतं. आणि मी काय केलं? वेणू विरजणाची वाटी दुपारीच काढून ठेवायची. ती विहिरीवर गेली की मी ती वाटी चुलीच्या वैलावर ठेवायचे. बोट भाजेल इतकी तापू द्यायची. विरजण थोडं फुटायचं, ते बोटाने ढवळून एकजीव करायचं, निववायचं, आणि वाटी परत जागच्या जागी. संध्याकाळी ती तेच मेलेलं विरजण कोमट दुधात घालायची. सकाळी भांड्यात दूधच – तारेचं, कुबट वासाचं.

पहिल्या दिवशी सगळे म्हणाले, होतं असं. दुसऱ्या दिवशी तिने शेजारून ताजं विरजण मागून आणलं. मी तेही तापवलं. त्या सकाळी ती बिचारी भांड्यावर वाकून बोट बुडवून बघत होती, पुन्हा पुन्हा, आणि मी मागे उभी राहून तांदूळ निवडत होते. मला वाईट वाटलं असेल, असं वाटतं का तुम्हाला? मला मजा वाटली. खरंच मजा वाटली.

तिसऱ्या दिवशीही दही लागलं नाही. सासूबाईंनी तिला देवघराच्या दारात उभं केलं.

"खरं सांग. बाहेरची होऊन घरभर वावरतेस ना? देवांना शिवलीस ना?"

"नाही हो सासूबाई. मला दिवस गेलेत. तिसरा लागेल आता. जाऊबाईंना विचारा, त्यांना सांगितलंय मी."

सगळे माझ्याकडे वळले. सासूबाई, मामंजी, भावोजी. वेणूच्या तोंडावर तर सुटल्याची कळा आली होती. तिला खात्री होती ना, मी आता सांगणार म्हणून.

मी म्हटलं, "मला नाही बाई काही बोलली."

एवढंच. सहा शब्दही नाहीत. विचारही करावा लागला नाही. आणि ती ओरडली नाही, रडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली, माझं वाक्य अजून पुरं व्हायचं आहे अशी.

तिला चार दिवस पडवीत बसवलं. घर सारवलं, देव धुतले. पाचव्या दिवशी खोटारडी म्हणून बैलगाडीत घालून थळला धाडली. अंगण झाडायला येणारी बायजा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "वैनी, धाकली पोटुशी हाय. तोंडावरनं दिसतंय न्हवं. थोरल्या बाईंना सांगा." मी म्हटलं, "तू झाडू मार. पुन्हा हे बोललीस तर उद्यापासून येऊ नकोस." तिलाही घरी चार तोंडं होती. तिने झाडू उचलला.

इथवर मला वाटत होतं, दोन महिने माहेरी राहील, पोट दिसायला लागलं की आणतील, जरा नाक खाली होईल. तसं झालं नाही. मार्गशीर्षात तिला मुलगी झाली – पुऱ्या दिवसांची, गुटगुटीत. तिचे वडील पेढे घेऊन आले. सासूबाईंनी पेढ्यांना हात लावला नाही. ओसरीवर बसून बोटांवर महिने मोजले, मोठ्याने, सगळ्यांच्या देखत. वैशाखात ही बाहेरची होती. तिथून उठली ती सरळ थळला गेली. नवरा इथे. मग सातव्या महिन्यात हे भरलेलं मूल कुणाचं?

वेणूच्या वडिलांनी सुईणीची साक्ष काढली. सुईण तुमच्या गावची, म्हणाल्या सासूबाई. भावोजी खाली मान घालून बसले होते. मी दाराआड उभी होते. एक पाऊल बाहेर टाकलं असतं, विरजणाची वाटी म्हटलं असतं, तर तो म्हातारा नात झाल्याचं सांगत घरी गेला असता. मी आत गेले आणि त्यांच्यासाठी आणलेला पाण्याचा तांब्या परत जागेवर ठेवला. ते पाणी न पिता, पेढ्यांची पुडी उचलून निघून गेले.

दुसऱ्या वर्षी भावोजींचं दुसरं लग्न झालं. मामंजींचा पेला माझ्याकडे आला. तेच थर, तेच पोहे, तोच मध. सात वर्षं, अगदी जाईपर्यंत, ते माझ्या हातचं खात होते. पेला रिकामा करून खाली ठेवायचे आणि उठून जायचे.

वेणूला मी त्यानंतर एकदाच पाहिलं, रेवदंड्याच्या बाजारात. मी केळी घेत होते. ती पलीकडे उभी, केस पिकायला लागलेले, बरोबर नऊ-दहा वर्षांची पोर. आमच्या घरात मामंजींचा आणि भावोजींचा डावा कान वरून दुमडलेला, साऱ्या गावाला ठाऊक आहे ते. वेणूने मला ओळखलं. हात पुढे करून तिने पोरीचे केस डाव्या कानामागे सारले, आणि तसेच धरून ठेवले.

मी बघितलं. मग केळीवाल्याकडे वळून म्हटलं, जरा पिकलेली दे. घरी आले, संध्याकाळी दूध विरजलं. सकाळी दही छान लागलं होतं.