श्रीकांत सरांचे तीन मुद्दे

श्रीकांत घागरे आमच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचा. कॉलेज मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यातलं, एवढंच सांगतो. नाव सांगत नाही, कारण मला तिथे अजून इतिहास शिकवायचा आहे. आम्ही दोघंही सरकारी भाषेत ‘अतिथी विद्वान’. यातला अतिथी खरा. दर जूनला यादी लागते, तीत नाव असलं तर पाहुणचार, नसलं तर घरी जा. विद्वान हा शब्द बहुधा पगार पाहून माणसाला रडू येऊ नये म्हणून जोडला असावा.

श्रीकांतला मात्र तो शब्द अंगी लागला होता. सौंसरहून आम्ही त्याच्या मोटारसायकलवर यायचो आणि त्या वाटेवर मी रोज चुकीचा ठरायचो. आभाळ आलंय, पाऊस येईल, असं म्हटलं की आभाळ येऊनही पाऊस न आलेले चार दिवस तो तारखेनिशी सांगायचा. मग आम्ही दोघं भिजायचो. घरी बायको धनश्री म्हणायची, बारा वाजले, जेवून घ्या. हा विचारायचा, बारा वाजले म्हणून जेवायचं की भूक लागली म्हणून? एका रविवारी तिने ताट वाढलंच नाही. आधी भूक सिद्ध करा, म्हणाली. अडीच वाजता त्याने स्वतःच पिठलं टाकलं, आणि ते पिठलं आहे हे कोणत्याही तर्काने सिद्ध होत नव्हतं.

जामसांवलीच्या मारुतीला नवस बोलणाऱ्यांना तो रांगेतच समजावायचा, की एकीमागून दुसरी गोष्ट घडली म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असं नसतं. मग तू रांगेत कशाला, असं मी एकदा विचारलं. जूनच्या यादीआधीचे सगळे शनिवार तो तिथे जायचा. म्हणाला, सहा वर्षं जातोय आणि सहा वर्षं नाव येतंय, प्रयोग मध्येच मोडता येत नाही.

चार वर्षांच्या ऑनर्सच्या तिसऱ्या वर्षाला त्याच्याकडे पाच विद्यार्थी होते. दोघं पुस्तकाआड फोन धरून पोलीस भरतीचे व्हिडिओ बघायचे. अंकुश झोपायचा. सुचिता हजेरीपुरती यायची. पाचवी दिपाली, तिगावची. दिलेली कोडी तीच तेवढी सोडवून आणायची. एकदा श्रीकांतने ते जुनं कोडं घातलं: होडी लहान, माणसाला वाघ, बकरी आणि गवताचा भारा नदीपार न्यायचा आहे. बाकीचे वहीत नदी काढत बसले. दिपालीने विचारलं, ज्याने वाघ पाळला त्याला बकरीची एवढी काळजी कशी? श्रीकांत तीन दिवस उत्तर शोधत होता. चौथ्या दिवशी त्याने तिच्या वहीत ‘विषयाला सोडून’ असा शेरा मारला आणि वाटेत मला म्हणाला, पोरगी हुशार आहे. हे तिला सांगायची त्याची छाती नव्हती.

फेब्रुवारीत प्राचार्यांनी त्याला बोलावून घेतलं. चौथ्या वर्षाला पाच नावं असतील तरच वर्ग चालेल, आणि वर्ग नसेल तर तर्कशास्त्राला वेगळा माणूस लागणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. पाच होती, म्हणून श्रीकांत निश्चिंत होता. पंधरा दिवसांत कळलं की दिपालीचं लग्न वरुडला जमलंय. तिसऱ्या वर्षाची परीक्षा आटोपली की अक्षता.

त्याने मला गाडीवर बसवलं आणि तिगाव गाठलं. वाटभर तो मुलीच्या भवितव्यावर बोलला, स्वतःच्या भवितव्यावर एक शब्द नाही. मीही तो विषय काढला नाही. गाडी त्याची, मी मागे बसणारा.

दिपालीचे वडील चिंधूजी नुकतेच संत्र्याच्या बगिच्यातून आले होते. आई मनकर्णाबाईंनी चहा ठेवला. श्रीकांतने खाटेवर मांडी घालून तीन मुद्दे मांडले. पहिला, शिक्षण अर्धवट सुटलं तर आधीची तीन वर्षंही वाया जातात. दुसरा, वरुड पडलं महाराष्ट्रात, पोरगी पलीकडे गेली की इथला मूलनिवासी, म्हणजे रहिवासाचा, दाखला आणि इथल्या भरत्या, सगळ्यावर पाणी. तिसरा, ज्याअर्थी पहिले दोन खरे, त्याअर्थी हे लग्न नको. चिंधूजी प्रत्येक मुद्द्याला मान डोलवत होते. दारात उभी असलेली दिपाली काहीतरी बोलणार होती, तर श्रीकांतने हात दाखवून तिला थांबवलं, कारण युक्तिवाद मध्येच तोडू नये. शेवटी चिंधूजींनी हात जोडले आणि पटलं म्हणाले. परतताना श्रीकांत गाडीवर शीळ घालत होता.

आठव्या दिवशी दिपाली स्टाफरूममध्ये आली. वडिलांनी वरुडला नकार कळवला होता आणि सौंसरचं स्थळ पक्कं केलं होतं. सौंसर म्हणजे सीमेच्या अलीकडचं, दाखला शाबूत. लग्न एप्रिलमध्ये, परीक्षेच्या आधी, आणि त्या घरात सुनेने पुस्तक हाती धरलेलं चालत नाही. वरुडचा मुलगा शाळेत मास्तर होता. पदवी तीन वर्षांवरही मिळते, पुढे एम. ए. कर, फॉर्म मी आणून देतो, असं तो तिला आधीच म्हणाला होता. तिला तो आवडलाही होता. हे सगळं त्या दिवशी तिला दारातून सांगायचं होतं.

ती रडली नाही. सरळ श्रीकांतकडे पाहून म्हणाली, "सर, तुमी माह्या बाबाले तीन मुद्दे सांगतले. चौथा नाही सांगतला. पाच नावं नाही झाले तं तुमची नोकरी जाते, हे साऱ्या कॉलेजले माहीत आहे. आता तो सांगून या."

लोकांच्या प्रत्येक चुकीला श्रीकांतकडे एक नाव असायचं. त्या दिवशी तो हजेरीपट उचलून वर्गावर निघून गेला. पुढचे दोन दिवस गाडीवर मी मुद्दाम आभाळ आल्याचं म्हटलं, तर तो नुसतं हो म्हणाला. तिसऱ्या दिवशी मात्र डोकं पुन्हा चालू झालं. सौंसरवाल्यांनाच जाऊन समजावलं तर? लग्नानंतर पोरीचं नुसतं नाव चौथ्या वर्षाला ठेवलं तर? तेव्हा मला संताप आला. सहा वर्षं मी त्याचं ऐकून घेतलं होतं, आणि तिगावात माझंही तोंड शिवलेलंच होतं.

"तुनं त्या पोरीचं वाटोळं केलं, श्रीकांत," मी म्हटलं, "अन् अजून हिशेब लावून राहिला."

त्याने गाडी थांबवली. मग ती तिगावकडे वळवली.

या वेळी तो खाटेवर बसला नाही. अंगणातच उभा राहून सांगून टाकलं, की मी माझ्या नोकरीसाठी आलो होतो, वरुडचं स्थळ चांगलं आहे आणि पोरगी तिथे शिकेल. मुद्द्यांना आकडे नव्हते, वाक्यं अडखळत होती. मला तो पहिल्यांदाच शहाणा वाटला.

चिंधूजी म्हणाले, "मंग हे पहिल्याच दिवशी सांगाच होतं, गुरुजी. पोटासाठी मानूस बोलते, ते मले समजते. ते तीन मुद्दे मले काही समजले नोते. पलीकडे नको, एवढंच ध्यानात राह्यलं."

"मंग पटलं कायले म्हनलं?" श्रीकांतने विचारलं.

"तुमच्यावानी शिकेल मानूस माह्या दारी आला. त्याले नाही कसं म्हनाव?"

ज्यात कुणी श्रीकांतला पटलं म्हणालं, असा सहा वर्षांतला तो एकच वाद होता, आणि तोही त्याने जिंकला नव्हता.

सौंसरवाल्यांनी शिकलेल्या माणसांबद्दल चार शब्द ऐकवले, ते आम्ही मुकाट्याने घेतले. वरुडचे लोक आधी फुगून बसले होते, पण मुलगाच अडून बसला म्हणून वळले. दिपालीने परीक्षा दिली, लग्न झालं, आणि जूनमध्ये निकाल लागल्यावर ती टीसी काढायला आली. अर्जावर विभागाची सही लागते, आणि विभाग म्हणजे एकटा श्रीकांत. कॉलेज सोडण्याचं कारण, या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं.

"काय लिहू? तूच सांग," तो म्हणाला.

"माही मर्जी, असं लिहा."

त्याने तसंच लिहिलं आणि खाली सही केली. चौथ्या वर्षाला चार नावं उरली. पुढच्या आठवड्यात अतिथी विद्वानांची यादी लागली, तीत माझं नाव होतं, त्याचं नव्हतं.