व्याहीबुवांचा हात आणि बिनधारेची तलवार

इथे आखातात, महबूल्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर टांगलेली तलवार आमच्या पूर्वजांची नाही. ती मी इथल्या शुक्रवारच्या बाजारात मोडक्या खुर्च्यांच्या ढिगातून उचलली. पातं युरोपातलं, एवढं मात्र खरं. मराठ्यांच्या तलवारींनाही फिरंगी पाती असायची, त्या आधारावर मी व्याहीबुवांना ‘आमच्या घराण्याची फिरंग’ असं ठोकून दिलं.

व्याहीबुवा म्हणजे सूनबाईंचे वडील. साताऱ्याच्या तालमीत पोरांना कुस्ती शिकवायचे. गेल्या खंडेनवमीला ते इथे होते. पूजा झाली आणि कोहळा कापायचा मान त्यांना मिळाला.

“लांब व्हा सगळे,” म्हणत त्यांनी बाह्या सारल्या आणि वार केला. धप्प! कोहळा सोफ्याखाली गेला. मुलाने तो ओढून काढला. दुसरा वार. कोहळा माझ्या पायावर आला.

“बाबा, सुरी देऊ का?” सूनबाईंनी विचारलं.

“गप गं! एवढी घराण्याची तलवार असताना सुरी?”

मग चिडून त्यांनी भोसकलं. टोक आत गेलं ते रुतूनच बसलं. कोहळा तलवारीला लटकवून व्याहीबुवा हॉलभर फिरले. शेवटी मुलाने तो पायांत धरला आणि आम्ही दोघांनी मूठ ओढली. तिघेही आडवे.

जमिनीवर बसल्या बसल्या व्याहीबुवा आपल्या मनगटाकडे बघत म्हणाले, “हात गेला माझा.”

दोष हाताचा नव्हता. तसल्या तलवारी युरोपातले पायदळातले अधिकारी कमरेला लावत. पातं अरुंद, तीन कडांचं, वजन कमी व्हावं म्हणून बाजूंनी खोलगट. नुसतं भोसकायला केलेलं. त्याला धार अशी नसतेच. मराठ्यांची फिरंग रुंद आणि धारेची, तिचा हिचा काही संबंध नाही. मला हे ठाऊक होतं. पण बोललो असतो तर पूर्वज गेला असता. म्हणून म्हणालो, “वय होतंच हो.”

परवा सूनबाई म्हणाल्या, “बाबांनी तालमीत जाणंच सोडलंय. हातात जोर नाही म्हणतात.” मला जेवण गेलं नाही. लगेच फोन लावला आणि बाजारापासून धारेपर्यंत सगळं सांगून टाकलं.

पलीकडून पहिला प्रश्न आला.

“म्हणजे हात शाबूत आहे माझा?”

“ठणठणीत.”

“उद्याच तालमीत जातो. पण व्याहीबुवा, हे तुमच्या विहीणबाईंना कळू देऊ नका. वर्षभर भाजीची पिशवी तीच उचलतेय.”

मी हो म्हणालो. पण आता खोटं पुरे झालं. विहीणबाई, पिशवी त्यांच्याकडे द्या.