मुंगळ्याची लोकर

दाजी सकाळी उठले की तोंड धुण्याआधी घोड्याच्या कुशीत हात घालत. केसांतून बोटं आत सारून बरगड्या चाचपत आणि मगच चूळ भरत. येळ्ळुरात आमची घरं शेजारीशेजारी असल्यामुळे हे मला रोज बघावं लागे. चहा गार होई, पण दाजींची तपासणी संपत नसे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आक्का जाताना मला म्हणाली होती, "त्यांच्याकडं बघ रं." मी बघत होतो. त्या माणसाकडे बघणं ही शिक्षाच होती.

मुंगळ्या हे त्यांचं काळं तट्टू. एके काळी घोडागाडीच्या शर्यतीत पळालेलं, आता म्हातारं. त्याला गोठा नव्हता. परसात चिंचेखाली, वारा अडेल असा कुडाचा एक आडोसा, एवढंच. दिवाळीनंतर त्याच्या अंगावर अस्वलासारखे केस येत आणि त्यांत चिखल वाळून बसे. मी एकदा म्हणालो, "दाजी, निदान खरारा तरी करा. लोक हसत्यात."

"लोकांस्नी थंडी वाजत न्हाय, पाव्हणं. त्याला वाजती."

एकदा ते मच्छे गावाला लग्नाला गेले, तेव्हा मी डाव साधला. बेळगावच्या खडेबाजारातून ब्रश आणला, गरम पाणी काढलं, साबण लावून मुंगळ्याला चकचकीत केलं. संध्याकाळी दाजी आले आणि चप्पल न काढताच ओरडले, "अंगातलं तेल काढलंसा व्हय? आता दहिवर थेट कातड्याला लागणार. तुमास्नी न्हाव्याचं दुकान टाकाया पायजे हुतं!" स्वतःचं घोंगडं घोड्यावर टाकून ते भाताच्या पेंढ्यानं त्याला चोळत बसले. मला वाटलं होतं, निदान आभार तरी मानतील!

खाण्याचंही तसंच. भिजवलेले हुलगे मूठभर, पण संध्याकाळी कडब्याची पेंडी भरपूर. "दाण्यानं घोडं उड्या मारतंय. ऊब वैरणीनं येती. पोटात चूल पेटती पायजे." पाणी कोमट करून द्यायचं. आणि हे सगळं करणारा माणूस स्वतः चहात खारी बुडवून जेवण झालं म्हणायचा. माझी बायको ताट वाढून बोलवायची. "भूक न्हाय गं," एवढंच उत्तर. मी चिडून म्हणे, "घोड्याला हुलगे आणि तुम्हाला खारी?"

"मी कुठं शर्यतीला चाललोय?"

गेल्या थंडीत ते स्वेटर, मफलर, वर घोंगडं अशा थाटात कट्ट्यावर बसलेले दिसले. अंग भरलेलं वाटलं. मला बरं वाटलं. "दाजी, यंदा तब्येत सुधारली."

ते हसले. "लोकर आलीया, पाव्हणं." मग मुंगळ्याकडे हनुवटी करून म्हणाले, "केसाळ जनावर डोळ्याला जाडच दिसतंय. हात घालून बघाया लागतंय."

हा घोड्यावरचा धडा हजारदा ऐकून माझे कान किटले होते. मी पेपर उघडला.

संक्रांतीनंतर एका सकाळी ते पाण्याच्या बादलीजवळ पडलेले सापडले. उचलायला मी त्यांच्या काखेत हात घातला आणि बोटं सरळ हाडांना लागली. पोत्याचं ओझं समजून वाकलो होतो, हातात आली पेंडी. बेळगावच्या दवाखान्यात नर्सनं स्वेटर काढायला सांगितला. त्याखाली दुसरा निघाला, त्याखाली आक्कानं विणलेला तिसरा. डॉक्टर म्हणाले, पोटातलं दुखणं बरंच जुनं आहे, अन्न जात नसणार. शिमग्याच्या आत दाजी गेले.

त्यांचे पुतणे आणि निम्मा गाव अजून म्हणतो, "घोड्यानं म्हाताऱ्याला खाल्लं." हे खोटं आहे, म्हणून लिहितोय. मुंगळ्यानं त्याच्या वाट्याची वैरण खाल्ली, बाकी काही नाही. त्याच्या बरगड्या रोज कुणीतरी तपासत होतं. दाजींच्या तपासायचं काम आक्कानं मला दिलं होतं, आणि मी नुसता बघत बसलो.

पण राग त्यांचाही येतो. घोड्याची थंडी फुलवून सांगणाऱ्या माणसाला स्वतःचं दुखणं एकदा सरळ सांगता आलं नसतं का? यंदाही थंडी पडली आहे. मुंगळ्या आता माझ्याकडे आहे, चिखलानं माखलेला, अस्वलासारखा. लोक हसतात. मी तोंड धुण्याआधी त्याच्या कुशीत हात घालतो. माझा चहा आत गार होत असतो.