डेफिनिट बोला!

आमच्या डिचोलीच्या ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. टेबलांवर खाणीची तांबडी धूळ साचायची, तसेच तेही साचले. धूळ निदान पुसता तरी यायची! खनिजाचे ट्रक पाठवायचं ते ऑफिस, आणि मी तिथला टायपिस्ट.

गोवा नुकतंच घटक राज्य झालं होतं. त्याच सुमारास नवे मॅनेजर आले. बाहेरचे, कडक शिस्तीचे. पहिल्याच दिवशी त्यांनी हेडक्लार्क विष्णूबाबना विचारलं, "उद्या किती ट्रक जातील?"

"पळोवया!" म्हणजे बघू. आमच्याकडे जेवायला बोलावलं तरी माणूस हेच म्हणतो, आणि वेळेवर पाटावर बसतो. साहेबांना हे कोण सांगणार? ते भडकले. "हा शब्द आजपासून बंद! मला उत्तर डेफिनिट पाहिजे!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. विष्णूबाब ताठ उभे राहिले.

"साहेब, डेफिनिट वीस-पंचवीस!"

*

मेकॅनिक हणमंतअण्णा गडहिंग्लजचे. एक ट्रक चार दिवस त्यांच्यापुढे बोनेट उघडून उभा होता.

"हा सुरू होणार की नाही?" साहेबांनी विचारलं.

"डेफिनिट होणार!"

"कधी?"

अण्णांनी पाना खाली ठेवला. "साहेब, तुम्ही डेफिनिट मागितलं, ते दिलं. तारीख मागितलीच कुठं?"

*

शिरगावच्या जत्रेला आमचा ड्रायव्हर बाबल धोंड, म्हणजे देवीचा व्रती, म्हणून जायचा. उपास करायचा आणि निखाऱ्यांवरून चालायचा. त्या वर्षी त्याने आठवडाभर आधीच माझ्याकडून अर्ज टाइप करून घेतला : 'जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मी आजारी आहे.' मी आपला 'बहुतेक' घालायला निघालो, तर माझ्यावरच खेकसला. "डेफिनिट घाल!"

साहेबांनी त्याला आत बोलावलं. "आजार आधीच कसा कळला?"

"साहेब, गेली अकरा वर्षं चुकला नाही!"

साहेबांनी सही केली.

*

आणि आमचा गुरुदास! डिस्पॅच क्लार्क, वय चौतीस, आठ वर्षं टेंपररी. चोपडे गावच्या सुनंदाचं स्थळ आलं होतं. ती बालवाडी चालवायची. दोघांनी एकमेकांना एकदाच पाहिलं, आणि गडी पार विरघळला. पण तिच्या वडिलांची अट होती : पर्मनंट असेल तरच मुलगी. गुरुदासचा डबा रोज तसाच परत जाऊ लागला. मला खरोखर वाईट वाटायचं त्याचं.

शेवटी आम्हीच त्याला केबिनमध्ये ढकललं. दाराला आमचे कान.

"साहेब, मी पर्मनंट होणार का? डेफिनिट सांगा."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पंख्याकडे पाहिलं.

"पळोवया," म्हणाले.

गुरुदास रडवेला होऊन बाहेर आला. विष्णूबाबना मात्र आनंद आवरेना. "सायब गोंयकार जालो रे!"

*

ही बातमी चोपड्याला पोचली. सुनंदाचे वडील म्हणाले, "साहेब सांगत नाय, तर देवाक विचारूया." रविवारी सकाळी देवळात कौल लावायचं ठरलं. अख्खं ऑफिस ट्रकात बसून गेलं. साहेब ड्रायव्हरशेजारी.

गुरवाने देवाच्या मूर्तीला दोन पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाणं घातलं. आम्ही श्वास रोखून बसलो.

तास गेला. एकही पाकळी हलेना.

गुरवाने परत गाऱ्हाणं घातलं. आणखी एक तास. गुरुदासचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. विष्णूबाब उजव्या पाकळीकडे असे रोखून बघत होते, जणू नजरेनेच पाडणार! साहेब माझ्या कानात कुजबुजले, "इथेसुद्धा डेफिनिट नाही?"

अखेर वडील उठले. "देवाच्या मनात नाय. चला घराक." ते चपला शोधू लागले. गुरुदास खाली मान घालून बसून राहिला. मला त्याचा राग आला आणि कीवही आली.

तेवढ्यात बायकांमधून सुनंदा उठली. पदर खोचून सरळ गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी गेली.

"काका," ती गुरवाला म्हणाली, "देवाक सांगा, माका न्हवरो पसंत आसा. देवाचा काय ता देवान सावकाश ठरवचा."