ड्रमातलं वांगं

खैरलांजीकडे आमची धानाची शेती, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर तूर. तूर निघाली की तुराट्यांचे ढीग उरत आणि आम्ही ते पेटवून मोकळे होत असू. बालाघाटला एका प्रशिक्षणात मी शिकून आलो की त्यांचाच बायोचार, म्हणजे शेतात टाकायचा कोळसा करता येतो. मग मी एक जुना ड्रम आणला, बुडाशी भोकं पाडली, झाकण बसवलं.

वाळलेल्या तुराट्या वीतवीत तोडून भरायच्या, वरून पेटवायच्या. पांढरा धूर सरून ज्वाळा बसू लागल्या की भोकं आणि झाकण मातीनं लिंपायचं, दुसऱ्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. मध्येच हवा गेली की कोळशाची राख.

मी ड्रम लिंपून शाळेत शिकवायला जायचो. एकदा टणटणीत कोळसा निघे, पुढच्या खेपेला घमेलंभर राख. मी नोंदींची वही सुरू केली. तुराट्या आणखी वाळवल्या, तुकडे मोजून कापले, एक भोक बुजवलं, मग पुन्हा उघडलं. बाबा शेजारी उभे राहून मनापासून सुचवत, की वारा फिरला असेल. मी वहीत वाऱ्याचा रकाना आखला.

एका सकाळी झाकण काढलं तर राखेत एक वांगं रुतलेलं. देठासकट काळंकुळकुळीत, वाजवलं तर टण्ण. मला हवा होता तसाच कोळसा.

मी ते बाबांसमोर धरलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं.

"थे राह्यलंच वाटते," ते म्हणाले.

घरात गॅस आल्यापासून त्यांना भरीत बेचव लागत होतं. मी गेलो की ते माती फोडून निखाऱ्यावर वांगी भाजत आणि मी यायच्या आत पुन्हा नीट लिंपून ठेवत. आईला माहीत होतं. संध्याकाळी ते भरीत मीही वाखाणून खात होतो.

"मले सांगायचं ना," मी म्हणालो.

"तू हौ म्हणला असता काय?"

तोड आईनं काढली. पांढरा धूर सरला की ड्रमावर जाळी ठेवून आधी वांगी भाजायची, ती झाली की लगेच झाकण. तेव्हापासून कोळसा दर खेपेला सारखा निघतो.

परवा शेजारच्या गावचा एक शेतकरी पाहायला आला. ड्रम किती वेळ उघडा ठेवायचा, असं त्यानं विचारलं. मी त्याला धुराचा रंग समजावत होतो, तेवढ्यात बाबा म्हणाले, "तीन वांगे भाजेपर्यंत."

वांगी मोठी की लहान, असं त्यानं गंभीरपणे विचारलं. मी वही उघडली. ते लिहायचं राहूनच गेलं होतं.