दसऱ्यापर्यंत डोंगर बंद

कोल्हापूर संस्थान विलीन झालं तेव्हा भल्याभल्यांची मालकी गेली, पण माझ्या बायकोच्या मामांची काही गेली नाही. गगनबावड्याकडचा एक उंच सुळका त्यांच्या मालकीचा होता, निदान ते वागत तसेच. आषाढ ते दसरा डोंगर बंद, कारण दगड निसरडे. होळीनंतर पुन्हा बंद, कारण पाणी आटलेलं आणि वणव्याची भीती. पायथ्याच्या वाडीतला गुरव दसऱ्याला नारळ फोडून वाटेवरची काट्याची फांदी बाजूला करी, त्याआधी पाऊल टाकायचं नाही. एकदा श्रावणात लख्ख ऊन बघून मी विषय काढला, तर मामा भर पंगतीत ओरडले, "जावईबापू, डोंगर काय पळून जातोय व्हय? भाची हाय माझी तुमच्या घरात!"

बरं, उरलेल्या महिन्यांत तरी सुखानं न्यावं? छे! आधी परीक्षा. भरलेली घागर खांद्यावर घेऊन रंकाळ्यापासून घरापर्यंत कुठेही न टेकता यायचं. कचेरीत फायली उचलणारा मी, पानाच्या दुकानासमोरच घागर टेकवली. "दम न्हाय!" मामांनी साऱ्या पेठेला ऐकवलं आणि माझं वर्ष बुडालं. मॅट्रिकलासुद्धा बुडालं नव्हतं हो! पुढच्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी माझी बदली ठरली, तेव्हा कुठे परवानगी मिळाली.

आणि टोक शंभर पावलांवर असताना माझ्या पोटऱ्या थरथरू लागल्या. माझी काही तक्रार नव्हती. पण मामांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "फिरा माघारी." मी विनवलं, भांडलो. "चढाल हो जिद्दीनं, पन उतरायचं पायांनीच हाय की!" मी धुसफुसतच खाली उतरलो.

वाडीत गुरवानं ताक दिलं. मी त्याच्यापाशी सगळा संताप ओकलो. "यांचं काय जातंय? यांनी टोक पन्नासदा बघितलंय!"

म्हातारा गुरव हसला. "कुठलं वो पावणं? मामा एकदाबी टोकावर गेल्यालं न्हाईत. दरसाली कुनाला तरी आनत्यात, त्याचं पाय लटपटलं की धरून खाली घिऊन येत्यात."

मामा शेजारीच चपलेतला खडा काढत होते. "मग एकटे का नाही जात?" मी विचारलं.

"एकट्यानं डोंगर चढायचा न्हाय," मामा म्हणाले. "नेम म्हंजे नेम."

मी बदलीच्या गावी गेलो आणि पुढच्या दसऱ्याआधीच मामा वारले. त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. वर फक्त शंभर पावलं उरली होती. त्यांनी मला एखाद्या खडकापाशी बसवून एकट्यानं जाऊन यायला हवं होतं. मी बसलो असतो.